नाट्यगृहाची पाठचिकित्सा

‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. त्या रात्री पहिले चार अंक सादर झाले, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर होते, कण्व बाळकोबा नाटेकर होते. मराठी नाटकाविषयी चार पुस्तके वाचलेला कोणीही वाचक एवढे सहज सांगतो. आता प्रश्न थोडे बदलून पाहावेत. रंगमंचाची रुंदी किती होती? शेवटच्या प्रेक्षकापासून गाणारा नट किती फुटांवर होता? साथीदार कुठे बसले होते? स्त्रियांची बसण्याची जागा कोणत्या बाजूला होती आणि त्यांचे दार वेगळे होते का? इथे आपली नाट्येतिहासाची पुस्तके अडखळतात. संगीत नाटकाला आपण मराठी रंगभूमीचे सुवर्णयुग म्हणतो, पण त्या युगातले गाणे कोणत्या छताखाली, किती घनफूट हवेत घुमत होते, याची नोंद ठेवणे आपल्याला इतिहासलेखनाचा भाग वाटले नाही.

याला कारण आहे. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांच्या १९०३ सालच्या ‘मराठी रंगभूमि’पासून श्री. ना. बनहट्टी यांच्या १९५७ सालच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’पर्यंत आपली मांडणी नाटककार, नट आणि मंडळी या तीन खांबांवर उभी राहिली. ते त्या काळाला धरूनच होते. मंडळ्या फुटत होत्या, नट वृद्ध होत होते, संहिता हरवत होत्या. जे आधी नष्ट होणार ते आधी टिपले गेले. इमारत मात्र दगडाविटांची. ती कुठे जाणार, असे सगळ्यांनीच धरून चालले. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही आपली अव्वल नाट्यचरित्रे आहेत. त्यांत नट दिसतो, मंडळीचा संसार दिसतो. नाट्यगृह बहुधा मुक्कामाचे ठिकाण म्हणून येते. पुढच्या समीक्षेनेही हीच वाट धरली. संहितेची समीक्षा झाली, अभिनयाची झाली, दिग्दर्शनाची झाली. जागेची समीक्षा झाली नाही, कारण जागेचा दस्तऐवज समीक्षकाच्या टेबलावर कधी आलाच नाही.

तो दस्तऐवज म्हणजे नाट्यगृहाचा नकाशा. तलविन्यास, काटछेद, दर्शनी उठाव, छताच्या कैच्यांचा तपशील, विजेच्या तारांची मांडणी असे सगळे कागद मी त्यात धरतो. माझे म्हणणे असे की, हे कागद केवळ स्थापत्याच्या अभ्यासकांचे नाहीत. नाटकाच्या संहितेइतकेच ते नाट्यसमीक्षेचे साधन आहेत. आणि संहितेला आपण जी शिस्त लावतो, म्हणजे पाठभेद पाहणे, प्रक्षेप ओळखणे, कोणती प्रत कोणत्या काळची हे ठरवणे, तीच शिस्त या नकाशांनाही लावली पाहिजे.

नकाशा काय सांगतो

नाट्यगृहाचा उभा काटछेद घ्यावा आणि रंगमंचावरची उंची पाहावी. जुन्या संगीत नाटकाचे रंगवलेले पडदे खालून वर गुंडाळले जात. राजवाडा, उपवन, रस्ता असे सगळे गुंडाळ्यांच्या रूपात वर जाऊन बसत. त्यांना रंगमंचाच्या डोक्यावर फार उंची लागत नसे. पडदा अखंड वर उचलायचा तर रंगदर्शनाच्या उंचीइतकीच जागा वर आणखी हवी, आणि ती छपराच्या आकारात बाहेरूनही दिसते. म्हणजे काटछेदातली एक रेघ त्या रंगमंचावर कोणत्या जातीची दृश्ये शक्य होती ते सांगते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली. तीन भिंतींची बंदिस्त खोली रंगमंचावर उभी राहिली आणि मराठी नाटकाला वास्तववादी वळण मिळाले, असे आपण शिकवतो. त्या खोलीच्या भिंती चौकटींवर ताणलेल्या असतात. त्या उभ्या ठेवायला रंगमंचाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा लागते, बाहेरून आत आणायला उंच दार लागते. पडद्यांसाठी बांधलेल्या इमारतीत हे दार असेलच असे नाही. वाङ्मयीन वळण इमारतीच्या कोपऱ्यावर असे अडतही असते. ते अडले की निभावले, हे तलविन्यास पाहिल्याशिवाय कळत नाही.

‘तो मी नव्हेच’चे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे. १९६२ सालच्या या नाटकाचा फिरता रंगमंच मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यांनी पाहिला. फिरत्या रंगमंचाचा व्यास ठरला की रंगमंचाची किमान खोली ठरते, आणि ती खोली नसेल तिथे प्रयोग एक तर होत नाही किंवा काटछाट करून होतो. दौऱ्यावरचे मराठी नाटक नेहमीच दौऱ्यातल्या सर्वांत लहान रंगमंचाला बांधलेले असते. नेपथ्यकाराला हे तोंडपाठ असते. पु. श्री. काळे, दामू केंकरे, रघुवीर तळाशीलकर, मोहन वाघ यांच्या कामाबद्दल आपण लिहितो तेव्हा कल्पकतेबद्दल लिहितो. ती कल्पकता किती फूट बाय किती फुटांत चालली होती, हे लिहिले तर तिचे मोल वाढेलच.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. ब्राह्मणांच्या रांगेचा मानवी पडदा हे त्या प्रयोगाचे प्राणतत्त्व. लोककलांशी त्याचे नाते, त्यातला सामाजिक उपरोध, समूहगान यांवर भरपूर लिहिले गेले. पण माणसांचा पडदा ही सगळ्यांत आधी रुंदीची गोष्ट आहे. रांगेने रंगमंच झाकायचा तर खांद्याला खांदा लावून किती माणसे लागतील, मागे काय लपेल, रांग फुटली की माणसे कोणत्या विंगेत आणि किती पावलांत जातील, हे जागेने ठरते. तेच नाटक पुढे देशोदेशींच्या मोठ्या रंगमंचांवर गेले तेव्हा रांगेचे काय झाले, हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि त्याची सुरुवात दोन नकाशे शेजारी ठेवून करावी लागते.

चित्र नसेल तर काय होते याचा नमुना आपल्या परंपरेतच आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापे हातांत दिली आहेत. मध्यम विकृष्ट मंडप ६४ हात लांब, ३२ हात रुंद. निम्मा प्रेक्षकांचा, उरलेल्या निम्म्यात रंगपीठ, रंगशीर्ष आणि नेपथ्य. मापे इतकी नेमकी असूनही ‘मत्तवारणी’ म्हणजे काय, यावर पंडितांची पिढ्यान्‌पिढ्या चर्चा चालली आहे. चार खांबांची, दीड हात उंचीची ही वस्तू एक की दोन, रंगपीठाच्या बाजूची ओसरी की हत्तींची कोरीव रांग, असे पक्ष पडले. शब्द जपला गेला. रेखाटन सोबत नव्हते. विसाव्या शतकातल्या आपल्या नाट्यगृहांची रेखाटने मात्र झाली होती. ती आपण हातची घालवत आहोत.

‘जसे होते तसे’ म्हणजे कधीचे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर म्हणून ही वास्तू उभी केली. शेजारी खासबाग कुस्ती मैदान, आणि दोन्हींना जोडणारा खुला रंगमंच. कुस्ती आणि नाटक एकाच आवारात असावे, हा त्या राजाच्या सांस्कृतिक दृष्टीचा नकाशात उतरलेला पुरावाच. आगीत छप्पर, रंगमंच, आसने गेली. दगडी भिंतींचा सांगाडा राहिला. लगेच मागणी झाली आणि घोषणाही झाली: नाट्यगृह पूर्वी होते तसेच पुन्हा उभारायचे.

मागणी रास्त आहे. त्यामागचे दुःख खरे आहे. पण ‘पूर्वी होते तसे’ हे शब्द उच्चारताक्षणी एक संपादकीय प्रश्न उभा राहतो. कोणत्या वर्षीचे? १९१५ साली महाराजांनी पाहिले तसे? संगीत नाटके ध्वनिक्षेपकाशिवाय होत होती तेव्हाचे? पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव मिळाले तेव्हाचे? की शताब्दीच्या आगेमागे नूतनीकरण होऊन वातानुकूलन, नवी आसने, नवी ध्वनियंत्रणा आली त्यानंतरचे, म्हणजे आजच्या प्रेक्षकाच्या आठवणीतले? या चारही इमारती एकाच जागेवर उभ्या होत्या आणि चारही वेगळ्या होत्या. लाकडी जमिनीवर खुर्च्या असताना आवाज जसा वागतो तसा गालिचा आणि गादीच्या आसनांत वागत नाही. छताखाली नवे छत आले की हवेचे आकारमान बदलते आणि गाण्याची आस बदलते.

संहितेच्या क्षेत्रात हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या, त्या ताडून पाहिल्या, पाठ निवडला आणि न निवडलेले पाठ तळटीपांत ठेवले. निवड करणे आणि जे निवडले नाही ते वाचकासमोर ठेवणे, ही त्या कामाची नैतिक बाजू. जळालेल्या नाट्यगृहाची पुनर्बांधणीही अशीच निवड आहे. मग तिचीही तळटीप असली पाहिजे: अमुक भाग १९१५ च्या रूपात, अमुक नंतरच्या रूपात, आणि अमुक पूर्णपणे आपल्या काळाचा.

व्हेनिसच्या ‘ला फेनीचे’ या संगीतनाट्यगृहाची कथा इथे उपयोगी आहे. २९ जानेवारी १९९६ रोजी ते जळाले. तिथेही घोषणा तीच होती: जसे होते, जिथे होते. पण हे नाट्यगृह १७९२ साली बांधले गेले, १८३६ मध्ये एकदा जळाले आणि १८३७ मध्ये बदलून पुन्हा उभे राहिले होते. म्हणून ‘जसे होते’ याचा अर्थ १८३७ नंतरचे सभागृह, असा खुलासा करावा लागला. जुनी रेखाटने कामी आलीच. त्यांच्या जोडीला विस्कोंतीच्या ‘सेन्सो’ या १९५४ सालच्या चित्रपटातली त्या सभागृहाची दृश्ये कामी आली. आणि आगीच्या सुमारे दोन महिने आधी काही अभ्यासकांनी तिथल्या ध्वनीची मोजमापे घेऊन ठेवली होती, तीही. डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडले. पुनर्बांधणी कितपत जिवंत आणि कितपत नकली यावर तिथे वाद आहेतच. पण तो वाद कागद समोर ठेवून होतो. कागद नसतील तर वादही होत नाही. कंत्राटदाराच्या नकाशालाच मूळ नकाशा म्हणावे लागते.

एकाच इमारतीचे अनेक नकाशे

गेली काही वर्षे मी सवडीने, स्वतःच्या खर्चाने, निरनिराळ्या गावांतल्या कचेऱ्यांमध्ये नाट्यगृहांचे नकाशे पाहत फिरतो आहे. स्थापत्याचे शिक्षण नाही. नकाशा वाचायला एका निवृत्त आरेखकाकडून शिकलो. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, नकाशावर तारीख आणि शिक्का पाहिल्याशिवाय रेघांकडे पाहूच नये.

कारण ‘नाट्यगृहाचा नकाशा’ अशी एक वस्तू नसते. वास्तुविशारदाचा पहिला आराखडा असतो, त्यात स्वप्न असते. मंजुरीसाठी दिलेला नकाशा असतो, त्यात नियमांत बसणारे सत्य असते. प्रत्यक्ष बांधकामाच्या वेळी केलेले बदल कधी पूर्णत्वाच्या नकाशात उतरतात, कधी उतरत नाहीत. त्यानंतर दुरुस्तीचे नकाशे येतात. नगरपालिकेच्या नकाशांत रंगांची एक भाषा असते. प्रस्तावित काम तांबड्या रंगाने भरलेले, आणि पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवलेले. दुरुस्तीच्या नकाशातल्या त्या पिवळ्या रेघा मला नेहमी सर्वांत बोलक्या वाटतात, कारण इमारतीत काय होते आणि काय गेले ते तिथेच एका कागदावर भेटते. वाद्यवृंदाच्या खड्ड्यावर पिवळ्या रेघा आणि त्या जागी तांबड्यात दोन जादा रांगा दिसल्या, तर संगीत नाटकाचा त्या गावातला शेवट कोणत्या सुमारास झाला हे कुठल्याही आठवणीपेक्षा नेमके कळते.

आणि इथे एक अडचण येते. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत पिवळ्या रेघा आणि तांबडा भराव दोन्ही करड्या होतात. प्रत लहान करून काढली असेल आणि कोपऱ्यात ‘एक इंच बरोबर आठ फूट’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते प्रमाण आता खोटे झालेले असते. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो तर रंगमंच एका बाजूला अरुंद करतो. म्हणून नकाशा जपणे म्हणजे त्याची कशीतरी प्रत करून ठेवणे नव्हे. मूळ आकारात, रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून, मागची बाजू आणि शिक्क्यांसह प्रतिमा घेतली तरच ती पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते.

कागद कुठे असतात आणि कसे जातात

नवल असे की, आपल्याकडे हे कागद निर्माणच झाले नाहीत अशी स्थिती नाही. तिकीट लावून प्रयोग होणारी जागा म्हणजे कायद्याच्या भाषेत सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण. तिला परवाना लागतो आणि परवान्याच्या अर्जासोबत नकाशा जोडावा लागतो. बांधकाम परवान्यासाठी एक संच स्थानिक संस्थेकडे, वीजजोडणीसाठी एक विद्युत निरीक्षकाकडे, सरकारी इमारत असेल तर एक सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. संस्थानी मुलखातली इमारत असेल तर संस्थानच्या दप्तरात. कोल्हापूर संस्थानचे कागद तिथल्या पुराभिलेखागारात आहेत. एकीकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, दुसरीकडे नाट्यगृहाचा नकाशा परवाना देणाऱ्याकडे. संशयापोटी का होईना, सरकारने रंगभूमीचे दोन्ही दस्तऐवज मागून घेतले आहेत.

प्रश्न ते टिकण्याचा आहे. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा किंवा पाच वर्षे, ‘ड’ एक वर्ष. नकाशा कोणत्या फायलीला जोडला गेला यावर त्याचे आयुष्य ठरते. मूळ बांधकामाच्या फायलीत असेल तर जगतो. परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणाच्या फायलीत गेला असेल तर मुदत संपली की रद्दीत. नकाशाचे मोल नकाशात नसून सोबतच्या पत्रात आहे, अशी ही व्यवस्था. एका कचेरीत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, तेव्हा ‘शोध घेतला असता अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आले. त्याच इमारतीच्या दुरुस्तीचे काम केलेल्या एका खाजगी कार्यालयात मूळ ट्रेसिंगची गुंडाळी माळ्यावर सुखरूप होती. असे अनुभव या कामात अपवाद नसतात.

जे सापडते त्याची प्रकृतीही वेगवेगळी असते. जुन्या निळ्या प्रती, म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेघा, उजेडात फिकट होतात. त्यांना अल्कधर्मी कागदाचा सहवासही मानवत नाही. नंतरच्या अमोनिया प्रती पिवळ्या-तपकिरी पडत जातात आणि शेजारच्या कागदांना बाधतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. खळ दिलेले ट्रेसिंगचे कापड दमट हवेत कसरीला आवडते. सर्वांत घात करते ती आपली माया: फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी, आणि ‘कायमचे टिकावे’ म्हणून केलेले लॅमिनेशन. घड्या उलगडून, सपाट, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवणे एवढेच पुष्कळदा पुरेसे असते. याला मोठा निधी लागत नाही. मोठे कपाट लागते.

नकाशा असूनही

एक आक्षेप मला वारंवार ऐकवला जातो, आणि तो खोटा नाही. नकाशे जपून इमारती वाचतात का? पणजीची कला अकादमी हे त्याचे उदाहरण. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू; आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षकांनी भरलेले आभासी सज्जे रंगवले. कोरियांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाटने २०१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे सुपूर्द केली. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान पणजीतच काम करते. म्हणजे कागदांच्या बाबतीत आपल्या भागातल्या इतक्या भाग्यवान वास्तू थोड्याच. तरीही नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या प्रेक्षागृहाचे छत कोसळले. पुढे मुख्य सभागृह उघडल्यावर ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल कलावंतांनी तक्रारी केल्या आणि सरकारला कृतिगट नेमावा लागला.

यातून नकाशे व्यर्थ ठरतात असे मी मानत नाही. नकाशाला वाचक लागतो, एवढे मात्र त्यातून दिसते. स्थापत्याच्या संग्रहात रेखाटन ‘कोरियांचे काम’ म्हणून जपले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रंगमंचावर तियात्र करणारा, मराठी नाटक करणारा, गाणारा माणूस तो कागद कधी पाहत नाही. कोणती भिंत आवाजासाठी तशी ठेवली आहे आणि कोणती केवळ शोभेची, हे वापरणाऱ्यांना माहीत असेल तर काम सुरू होण्यापूर्वी हरकत घेता येते. नंतर फक्त तक्रार करता येते.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा वाद आठवावा. ज्या वास्तूची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांनी बसवली आणि जी २६ जून १९६८ रोजी उघडली, ती पाडावी की ठेवावी, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. ठेवा म्हणणारे आठवणी सांगत होते, पाडा म्हणणारे गैरसोयी सांगत होते. वाहनतळ आणि आसनसंख्या यांचे आकडे निघाले. परंतु रंगमंचाची खोली, विंगांची रुंदी, शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा किती अंतरावर दिसतो, नेपथ्याचा टेम्पो कुठल्या दाराला लागतो, हे आकडे चर्चेच्या कडेलाच राहिले. मुंबईतल्या परळच्या दामोदर नाट्यगृहाच्या बाबतीतही, शतकभराची कामगार रंगभूमीची परंपरा असलेली जागा पाडली जात असताना, बोलणे आसनांच्या संख्येवर येऊन थांबत होते. ‘तेवढ्याच खुर्च्यांचे नवे नाट्यगृह’ म्हणजे तेच नाट्यगृह नव्हे. पण हे ठामपणे सांगायला जुना नकाशा हातात असावा लागतो.

नकाशात न मावणारे

या कामाची एक मर्यादा सुरुवातीलाच मान्य करून ठेवली पाहिजे. ‘नाट्यगृह’ असे नाव असलेल्या इमारतींचेच नकाशे जमवले तर मराठी रंगभूमीचा मोठा भाग बाहेर राहील. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जी प्रायोगिक चळवळ चालवली, तिची जागा नकाशात शाळेचे सभागृह एवढीच. त्या सभागृहाने प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर आणून बसवला आणि त्यातून लेखनही बदलले. तरी नाट्यगृहांच्या यादीत ते येणार नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर शेतांत उभे राहणारे रंगमंच नकाशावाचूनच बांधले जातात, आणि तिथे रात्र रात्र जागवणाऱ्या नाटकांना प्रेक्षक मात्र हजारोंनी असतो. तमाशाची थिएटरे, देवळांचे सभामंडप, गिरण्यांच्या परिसरातली सभागृहे, या सर्वांची मापे कुणी तरी दोरी धरून घ्यावी लागतील. तिथे जपणूक म्हणजे आधी रेखाटन करणे.

उलट, नकाशा असलेल्या नाट्यगृहातही बरेच काही नकाशाबाहेर असते. पडदा ओढणाऱ्याला माहीत असलेली अडकणारी कप्पी, प्रॉम्प्टरची खुणेची फळी, कोणत्या जागेवर उभे राहिले तर आवाज मागेपर्यंत जातो हे जुन्या नटांचे ज्ञान. रंगमंच व्यवस्थापक आणि नेपथ्यकार यांच्या वह्यांत गावोगावच्या रंगमंचांची मापे असतात: ओपनिंग, डेप्थ, उंची, विंगा किती, लाइटच्या जागा किती. मी पाहिलेल्या अशा वह्यांत मंजूर नकाशापेक्षा वेगळी मापे आढळली, आणि दोन्ही खरी होती. नकाशात भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप होते. वहीत, पडदे आणि अडगळ वजा जाता नाटकाला उरलेले. समीक्षेला ही दोन्ही हवीत.

म्हणून अपेक्षा मोजकीच ठेवतो. प्रत्येक जिल्ह्यातल्या नाट्यगृहाची एक पेटी व्हावी. तिच्यात मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा नकाशा, प्रत्येक दुरुस्तीचा नकाशा, तारखेसह आतली छायाचित्रे, आज प्रत्यक्ष घेतलेली मापे, रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाचे ध्वनिमापन, आणि तिथे काम केलेल्या दोन-चार माणसांच्या मुलाखती. शताब्दीच्या स्मरणिकेत पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी राखलेल्या पानांपैकी एक पान तलविन्यासाला द्यावे. दुरुस्तीची निविदा निघण्यापूर्वी ही पेटी उघडून पाहणे बंधनकारक करावे. मूळ कागद ज्याचे आहेत त्याच्याकडेच राहोत. कुठे काय आहे याची यादी एका ठिकाणी असली तरी अर्धे काम झाले. आणि नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी विद्यार्थ्यांना एक नाटक शिकवताना ते जिथे प्रथम झाले त्या जागेचा नकाशाही शेजारी ठेवावा.

१९१५ सालच्या पॅलेस थिएटरपासून कला अकादमीपर्यंत जे बांधले गेले, त्यातले बरेचसे या पिढीत दुरुस्तीला, पुनर्विकासाला किंवा पाडण्याला येणार आहे. काही ठिकाणी पाडणेच शहाणपणाचे असेल, हेही मी मानतो. पण पाडण्याच्या नकाशावर पिवळ्या रेघा मारल्या जातील त्या दिवशी त्या रेघांखाली काय होते, हे सांगणारा एक कागद गावात कुणाकडे तरी असावा, आणि तो वाचता येणारा एक माणूस.